पॉलिशदार छायाचित्रें

कोणत्याही धंद्याची नीति त्यांतील माणसाला पैसा कोण देतो यावर ठरत नाहीं; त्याच्या कामावर विश्वास कोण ठेवतो यावर ठरते. कंपनीच्या हिशेबतपासनिसाची फी कंपनीच देते. पण त्यानें सही केलेल्या ताळेबंदावर भागीदार, बँका व सरकार विसंबून राहतात. म्हणून मालकाच्या मर्जीखातर त्यानें एक आंकडा फिरविला, तर त्याला आपण हुशार म्हणत नाहीं, गुन्हेगार म्हणतों. आतां त्याच कंपनीचा तोच वार्षिक अहवाल हातीं घ्यावा. मागच्या पानांवरील प्रत्येक आंकडा तपासलेला असतो. आणि पुढच्या गुळगुळीत पानांवर कारखान्याचीं जीं रंगीत छायाचित्रें असतात, तीं मात्र कोणीच तपासलेलीं नसतात. ती स्वच्छता, तो हंसरा कामगार, त्याच्या डोक्यावरचें तें कोरें पिवळें हेल्मेट, यांच्या खरेपणाखालीं कोणाचीही सही नसते. आंकड्यांत असत्य चालावयाचें नाहीं, पण चित्रांत तें शोभा म्हणून चालावयाचें, असा हा विलक्षण न्याय आहे. आणि ह्या न्यायाविरुद्ध आम्हांस आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

कारखान्यांत, गिरण्यांत व गोदामांत प्रत्यक्ष जाऊन कंपन्यांकरितां छायाचित्रें काढणें हा एक स्वतंत्र धंदा आहे. आम्ही तो करीत नांदेड व लातूर ह्या दोन जिल्ह्यांतून बरींच वर्षें हिंडलों आहों. पहाटे कॅमेरा, तिवई व दिव्यांच्या पेट्या घेऊन निघावें, आणि परवानगीच्या कागदासाठीं दुपारपर्यंत फाटकावर बसावें, असा त्याचा नित्यक्रम आहे. सोयाबीनचें तेल काढण्याच्या कारखान्यांत हेक्झेन नांवाचें द्रव वापरतात; त्याची वाफ एका ठिणगीनें पेट घेते, म्हणून तेथें फ्लॅश तर नाहींच, पण खिशांतला फोनही बाहेर ठेवावा लागतो. जिनिंगमध्यें हवेंत तरंगणारे कापसाचे तंतु भिंगावर बसतात. साखर कारखान्याच्या बॉयलरपाशीं उभें राहिलें तर कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरून समोरचें कांहीं दिसेनासें होतें. ह्या अडचणी धंद्याच्याच आहेत, त्यांची आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती एका ठराविक वाक्याची. सर्व तयारी झाली, प्रकाश जमला, कीं व्यवस्थापक हटकून म्हणतात, “जरा माणसें बाजूला करा.”

ह्या चार शब्दांपायीं काय काय बाजूला होतें, तें लातूरच्या तुरीवरूनच पाहूं. शेतकऱ्याची तूर आडतीवरून मिलींत येते. तेथें ती चाळली जाते, दाण्याच्या आकाराप्रमाणें निवडली जाते. एमरीच्या खरखरीत रुळांवर तिच्या सालीला चरे पडतात. मग तिला तेलाचा व पाण्याचा हात लावून वाळवावी लागते. पुन्हां रुळांवर गेली म्हणजे साल सुटते, दाणा फुटतो. डाळ निराळी, चुनी निराळी व टरफल निराळें होतें. ह्यांतील बऱ्याच पायऱ्या आतां यंत्रें करतात, हें खरें. पण पोतें पाठीवर घेणारा हमाल आहे. उन्हांत पसरलेली तूर पायांनीं हलविणारी बाई आहे. पोत्याचें तोंड शिवणारा आहे. आणि दिवसभर उडणारा भुसा झाडणारी आहे. एका मिलींत आम्हांस नव्या निवडयंत्राचीं चित्रें काढावयाचीं होतीं. यंत्राच्या तोंडाशीं सांडलेली डाळ सुपानें पाखडीत चार बायका बसल्या होत्या. त्यांना उठवावें, अशी सूचना आली. कां, असें विचारतां उत्तर मिळालें, “लुगडीं मळकीं दिसतात. शिवाय यंत्र घेतलें तरी बायका कशाला, असें गिऱ्हाइकाला वाटेल.” गिऱ्हाइकाला जें वाटलें असतें तें अक्षरशः खरें होतें! आम्हीं त्यांना उठविण्याचें नाकारलें. काम दुसऱ्याकडे गेलें. आणि पुढें छापून आलेल्या पुस्तिकेंत तें यंत्र आरशासारख्या फरशीवर एकटेंच उभें होतें, जणुं तूर स्वतःच्या पायांनीं चालत येऊन त्यांत पडते.

मिलींत डाळीला शेवटचा संस्कार होतो तो पॉलिशचा. तेल किंवा पाणी लावून, घासून तिच्यावर चमक आणतात. शहरांतील सुशिक्षित गृहिणी ही चमक आतां ओळखूं लागली आहे, व दुकानांतून बिनपॉलिशची डाळ चार पैसे अधिक देऊन मागून घेते. पण त्याच मिलीच्या चित्रावर चढविलेली चमक मात्र ती निःशंक मनानें पाहते. डाळीचें पॉलिश पोटांत जातें, चित्राचें डोक्यांत जातें, एवढाच काय तो भेद.

नांदेडकडे कापसाचें राज्य. येथील संशोधन केंद्रांतून निघालेलें ‘नांदेड ४४’ हें संकरित वाण एके काळीं कापूस पिकविणाऱ्या घरोघरीं ठाऊक होतें. जिनिंगमध्यें कापूस रेच्यांतून गेला कीं सरकी निराळी पडते व रुई पुढें जाते. ती दाबून १७० किलोची गांठ बांधतात. चालत्या जिनिंगमधील हवा पांढरी असते. ती हवा हाच छायाचित्रकाराच्या दृष्टीनें तेथील सर्वांत खरा व सर्वांत सुंदरही विषय आहे. कौलांतून तिरपा कवडसा आला म्हणजे त्यांत लक्षावधि तंतु चमकतात, आणि त्यांच्या पलीकडे तोंडाला फडकें गुंडाळून रुई ओढणारी बाई दिसते. पण फर्मान सुटतें कीं, यंत्रें थांबवा, धूळ बसूं द्या, मग चित्र काढा. म्हणजे जिनिंगचें चित्र काढावयाचें तें जिनिंग बंद असतांना! कापसाची जी धूळ वर्षानुवर्षें छातींत जाऊन श्वास कोंडते, जिच्यापासून होणाऱ्या रोगाला वैद्यकशास्त्रानें ‘बिसिनोसिस’ असें नांवही दिलें आहे, ती छायाचित्रकारापुरती पंधरा मिनिटें खालीं बसते, आणि तेवढींच पंधरा मिनिटें इतिहासांत जातात.

साखर कारखान्याचा प्रकार याहून मौजेचा आहे. गळीत हंगामाच्या आरंभीं बॉयलरचें अग्निप्रदीपन होतें. मग गव्हाणींत उंसाची मोळी टाकण्याचा समारंभ होतो. पुढें पहिल्या साखरपोत्यांचें पूजन होतें. हीं तीन चित्रें ज्यांत नाहींत असा सहकारी कारखान्याचा अहवाल वाचकांनीं आम्हांस दाखवावा. मोळीच्या चित्रांत फेट्यांची दाटी असते व मोळीला दहाबारा हात लागलेले असतात. त्या हातांत कोयता धरणारा हात बहुधा एकही नसतो. ती मोळी तोडली कोणीं? ऊंसतोडणीच्या हिशेबांत नवराबायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. जीव दोन आणि नांव हत्याराचें! मुकादमाकडून उचल घेऊन हें जोडपें घर सोडतें, हंगाम संपेपर्यंत पाचटाच्या कोपींत राहतें, आणि रात्रीं-अपरात्रीं गाडी भरून देतें. अहवालांत त्या कोपीचें चित्र आमच्या पाहण्यांत अद्याप आलेलें नाहीं. सहकारी कारखाना हा सभासदांचा म्हणवितो; सभासदांना आपल्या कारखान्याचा हा अर्धा भाग दिसूं नये, ही व्यवस्था कोणाच्या हिताची आहे?

आमच्या ह्या म्हणण्यावर जे आक्षेप येतात ते आम्हांस ठाऊक आहेत. पहिला आक्षेप असा कीं, पाहुणा येणार म्हणून आपणही घर झाडतों. कारखानदारानें आपलें घर झाडलें तर बिघडलें कोठें? कांहींच बिघडलें नाहीं. अंगण झाडावें, दिवा पुसावा, पसारा आवरावा. तेवढें आम्ही स्वतः करतों. पण आईचें लुगडें फाटकें आहे म्हणून पाहुण्यांसमोर तिलाच परसांत बसविणें, याला झाडलोट म्हणत नाहींत. त्याला जें म्हणतात तें वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाहीं.

दुसरा आक्षेप आमच्याच व्यवसायबंधूंचा आहे. ते म्हणतात, आपण भाडोत्री. पैसे देणारा सांगेल तसें काढावें. ह्याचें उत्तर आरंभींच येऊन गेलें आहे. वकील, वैद्य, हिशेबतपासनीस हे सर्वच पैसे घेतात, तरीपण पैसे देणारा सांगेल तें सर्व ते करीत नाहींत; आणि करीत नाहींत म्हणूनच त्यांच्या शब्दाला किंमत आहे. जाहिरातीचें चित्र निराळें व अहवालाचें चित्र निराळें, हा भेद आम्ही मानतों. साबणाच्या जाहिरातींतील सुंदरी खरी आहे असें कोणी समजत नाहीं. परंतु “आमच्या लातूर येथील कारखान्यांतील दृश्य” अशा शब्दांखालीं जें चित्र छापलें जातें, तें एक विधान आहे. आणि विधान खरें किंवा खोटें असतें.

तिसरा आक्षेप अधिक नाजुक आहे. खरें चित्र छापलें व त्यांत कामगाराच्या तोंडावर पट्टी नाहीं असें दिसलें, तर मालक अडचणींत येईल, असें सांगण्यांत येतें. येईल तर खरा! पण यावर उपाय पट्टी देणें हा आहे, चित्र न काढणें हा नाहीं. छायाचित्रापुरतें नवें हेल्मेट व नवे हातमोजे वांटून, चित्र झाल्यावर ते मोजून परत घेऊन कपाटांत ठेवण्याचा विधि आम्हीं डोळ्यांनीं पाहिलेला आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यापासून कामगाराच्या सुरक्षिततेची भाषा आपण करीत आलों. ती सुरक्षितता कॅमेऱ्याच्या डोळ्याची उघडझांप होईपर्यंतच टिकावी, ही विटंबना आहे.

छायाचित्रणाच्या बाल्यावस्थेंत कांचेवरील रसायन मंद होतें, चित्र उमटण्यास पुष्कळ सेकंद लागत. उभें यंत्र स्पष्ट उमटे; त्याच्यापुढें काम करणारा मनुष्य हालल्यामुळें धुरासारखा पुसट होई, किंवा मुळींच उमटत नसे. तो दोष रसायनाचा होता. आज एका सेकंदाच्या हजाराव्या हिश्शांत धांवता घोडा स्थिर करतां येतो. तरीही मनुष्य चित्रांतून नाहींसा होतो, तो आपण त्याला नाहींसा करतों म्हणून.

पूर्वजांनीं मात्र असें नेहमींच केलेलें नाहीं. मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होता. सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ हे मूळचे स्थापत्य शिकलेले, इंदूरच्या बांधकाम खात्यांतील नोकर. १९०५ सालीं ते वारले. महाल, मेजवान्या व शिकारी हें त्यांचें नित्याचें काम. तथापि औरंगाबादेकडील दुष्काळपीडितांचीं चित्रेंही त्यांच्याच छायागृहाच्या नांवावर आहेत. दरबारच्या आश्रितालाही जें वर्ज्य वाटलें नाहीं, तें आमच्या लोकशाहींतील कंपन्यांना वर्ज्य वाटावें काय? अमेरिकेंत लुइस हाइन नांवाच्या एका शिक्षकानें १९०८ पासून पुढें कापडगिरण्या, खाणी व डबेबंद मालाचे कारखाने ह्यांतून राबणाऱ्या मुलांचीं चित्रें काढलीं. दारावर अडवूं नये म्हणून तो प्रसंगीं सांगे कीं, आपण यंत्रांचीं चित्रें घेण्यास आलों आहों. आणि यंत्राशेजारीं मुलाला उभें करून, आपल्या अंगांतील जाकिटाच्या गुंड्यांवरून त्याची उंची हळूच मोजून टिपून ठेवी. नांव व वय विचारून घेई. त्या चित्रांनीं बालमजुरीविरुद्धच्या चळवळीला बळ दिलें. हाइन यंत्राचें निमित्त सांगून मनुष्य काढीत असे. आम्ही उद्योगाचें निमित्त सांगून मनुष्य वगळतों. आमच्याकडे मुंबईच्या मित्तर बेदी (१९२६–१९८५) यांनीं ह्या धंद्याला प्रतिष्ठा मिळवून दिली, हें ऋण आम्ही विसरत नाहीं. आणि १९४३ चा बंगालचा दुष्काळ जगापुढें मांडणारे सुनील जाना पुढें पोलादाच्या कारखान्यांत व खाणींत गेले, तेव्हां भट्टीइतकाच भट्टीपुढचा मनुष्यही त्यांनीं डोळ्यांत भरेल असा काढला. त्यामुळें भट्टीचा भव्यपणा रतिभरही कमी झाला नाहीं.

मराठवाड्याच्या बाबतींत ह्या प्रश्नाला एक विशेष धार आहे. आमच्या ह्या भागांत कॅमेरे दोनच प्रसंगीं येतात. एक आपत्तीच्या वेळीं व दुसरा समारंभाच्या वेळीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, हजारों माणसें गेलीं, आणि देशोदेशींचे छायाचित्रकार ढिगाऱ्यांवर उभे राहिले. २०१६ च्या उन्हाळ्यांत लातूरला पाण्याच्या टाक्यांपाशीं जमावबंदी पुकारावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी आली. तिच्या १० वाघिणींत मिळून सुमारें ५ लाख लिटर पाणी होतें, आणि फलाटावर कॅमेऱ्यांची गर्दी होती. मग २०१८ त लातूरजवळ रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्याची पायाभरणी झाली, २५ डिसेंबर २०२० ला पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला. पुन्हां कॅमेरे, पुन्हां हार. ह्या चित्रांत गैर कांहींच नाहीं. तीं काढलींच पाहिजेत. परंतु भूकंपापासून पाण्याच्या गाडीपर्यंत, आणि पाण्याच्या गाडीपासून डब्याच्या सांगाड्यापर्यंत जे हजारों साधे दिवस गेले, ज्या दिवशीं लातूरनें तूर भरडली, नांदेडनें कापूस रेचला, उदगीर-देगलूरकडे पोतीं चढलीं-उतरलीं, त्या दिवसांचें चित्र कोठें आहे? त्यामुळें मराठवाडा म्हटला कीं बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढें रिकामी घागर तरी येते, नाहीं तर फीत कापणारा हात. काम करणारा मराठवाडा त्याच्या डोळ्यांपुढें येतच नाहीं. हें चित्र बदलण्याचें सामर्थ्य ज्याच्या हातांत आहे तो औद्योगिक छायाचित्रकार. कारण रोजच्या दिवशीं कारखान्याच्या आंत कॅमेरा घेऊन जाण्याची मोकळीक त्या एकट्यालाच मिळते. आणि तोच माणसें बाजूला करीत उभा आहे!

ह्यांत किती गमावलें जातें, तें नांदेडकरांना सांगावयास नको. निजामाच्या नांवानें चाललेली उस्मानशाही मिल ही एके काळीं ह्या शहराची ओळख होती. पुढें राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे ती गेली, आणि अखेर बंद पडली. तिच्या भोंग्यावर कितीएक घरांची घड्याळें लागत. त्या घरांतून आजोबांचें लग्नांतलें चित्र भिंतीवर असेल. मागावर उभें असतांनाचें चित्र किती घरांत आहे, तें नांदेडच्या वाचकांनीं आपापल्या आळींत विचारून पाहावें. जो समाज आपल्या राबत्या हातांचें चित्र ठेवीत नाहीं, त्याच्या नातवांना असें वाटूं लागतें कीं गिरणी कोणीं तरी बांधली व कोणीं तरी बंद केली, आणि मधल्या काळांत ती आपोआप चालत होती.

उपाय अवघड नाहींत. पहिला उपाय कराराचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें, मोबदला देऊन कोणी छायाचित्र काढवून घेतलें, व उलट करार झाला नाहीं, तर त्या चित्राचा पहिला मालक तें काढविणारा ठरतो. ‘उलट करार झाला नाहीं तर’ ह्या शब्दांकडे आमच्या व्यवसायबंधूंनीं नीट पाहावें. मार्ग तेथेंच मोकळा ठेवलेला आहे. चित्रें कंपनीनें वापरावीं. पण ठराविक मुदतीनंतर त्यांची एक प्रत सार्वजनिक संग्रहांत ठेवण्याचा अधिकार आपल्याकडे राहील, असें एक कलम करारांत घालण्यास खर्च पडत नाहीं. शिवाय आपल्या कृतींत मानहानिकारक फेरफार होऊं न देण्याचा हक्क त्याच कायद्यानें कर्त्याला दिलेला आहे. तो वापरण्याची संवय मात्र कोणालाच नाहीं. दुसरा उपाय चित्राखालच्या ओळीचा. जें चित्र मांडून काढलें असेल त्याखालीं ‘मांडून काढलेलें’ असें छापावें. जें कामाचें असेल त्याखालीं, त्या माणसाच्या संमतीनें, त्याचें नांव व काम छापावें, आणि एक प्रत त्याच्या घरीं पोंचवावी. अध्यक्षांचें नांव छापतांना जागा अपुरी पडत नाहीं, मग पाखडणाऱ्या बाईचें छापतांनाच ती कां पडावी? तिसरा उपाय संग्रहाचा. नांदेडला १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नांवाचें विद्यापीठ आहे व लातुरास त्याचें उपकेंद्र आहे. मराठवाड्याच्या उद्योगांचा छायाचित्रसंग्रह करावयाचा तर त्याहून योग्य स्थान आम्हांस दिसत नाहीं.

व्यवसायबंधूंना आणखी एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतों. चकचकीत फरशी, निळसर प्रकाश, हंसरा तरुण कामगार, असें चित्र आतां संगणकाची कृत्रिम बुद्धि क्षणार्धांत बनवून देते. त्यासाठीं लातूरपर्यंत येण्याचें कारण उरलेलें नाहीं. तो कामगार कधीं जन्मलाच नाहीं, त्यामुळें तो पगारवाढही मागत नाहीं. केवळ चमक विकून ज्यांना पोट भरावयाचें आहे त्यांचें दुकान यंत्र बंद करणार, हें निश्चित समजावें. “मी तेथें होतों, मीं हें पाहिलें,” असें म्हणतां येणें एवढेंच एक भांडवल यंत्राजवळ नाहीं. तें आपल्याजवळ आहे. आणि माणसें बाजूला करतांना आपण नेमकें तेंच उधळतों.

शेवटीं वाचकांस. आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं कंपन्यांचे भाग आहेत. कित्येक साखर कारखान्यांचे, सूतगिरण्यांचे सभासद आहेत. कित्येकांचे मुलगे त्याच कचेऱ्यांत अधिकारी आहेत. वार्षिक सभेंत लाभांश किती, उंसाला भाव किती, हे प्रश्न आपण विचारतां व ते विचारलेच पाहिजेत. यंदा त्यांच्या जोडीला आणखी एक विचारा. अहवालाचें रंगीत पान अध्यक्षांपुढें धरून म्हणा कीं, ही मोळी कोणीं तोडली, ही रुई कोणीं ओढली, ह्या यंत्रापुढें कोण बसतें, आणि त्यांचीं नांवें ह्या पानावर कां नाहींत. प्रश्न एकदां इतिवृत्तांत नोंदला गेला, म्हणजे पुढल्या हंगामांत व्यवस्थापकाला “माणसें बाजूला करा” असें म्हणण्यापूर्वीं क्षणभर थांबावें लागेल. तेवढ्या क्षणांत आम्ही आमचें काम करूं.